बाबांचा गोटा



मागे आमच्या लहानीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. ती आठवीत आहे. वर्गातल्या कोणी पवनचक्की केली, कोणी लाल रंग उकळून ज्वालामुखी केला. हिने मात्र घरातल्या कोनाड्यातला एक गोटा काढला आणि म्हणाली, "बाबा, मी हा नेते."

हा गोटा माझ्या वडिलांचा. वीतभर लांब, एका बाजूने फुटलेला, आणि फुटल्या जागी मधमाशीच्या पोळ्यासारखे बारीक जाळे. दिसतो त्यापेक्षा हाताला जड लागतो. वडील रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायचे. अशाच एका कामावर हातोडा उचलला असताना त्यांचे लक्ष या जाळ्याकडे गेले आणि त्यांनी हातोडा खाली ठेवला. संध्याकाळी भाकरीच्या फडक्यात बांधून गोटा घरी आणला. तेव्हापासून तो कोनाड्यात आहे. आल्यागेल्याला ते दाखवायचे आणि म्हणायचे, "हा साधा गोटा नोहे. याच्यात हाडावानी जाळं हाये, पाहा."

शाळेने प्रत्येक वस्तूबरोबर एक कार्ड लावायला सांगितले होते. त्यावर चार रकाने. वस्तूचे नाव, कोणाला मिळाली, मिळाल्याचे ठिकाण, मिळाल्याचे वर्ष. पहिले दोन रकाने पोरीने भरले. तिसऱ्यापाशी तिचा पेन थांबला. तिने माझ्याकडे पाहिले, आणि मला उत्तर देता आले नाही.

वडिलांनी मला ते ठिकाण एकदा नाही, दहादा सांगितले होते. मी बी.कॉम.चा अभ्यास करीत असे आणि ते बाजेवर बसून सांगत असत. "नाल्याच्या वरल्या अंगाले, दोन आंजनाच्या झाडायच्या मधात." एवढेच मला आठवते. कोणता नाला, कोणते गाव, कोणते काम, ते सर्व त्यांच्या सांगण्यात होते. मी 'हो हो' म्हणत होतो. आता वडील नाहीत. मी नोकरी करतो कारकुनाची. आलेल्या प्रत्येक कागदाला आवक नंबर देतो, तारीख टाकतो, सही घेतो. वडिलांचे एक वाक्य मात्र मी लिहून ठेवले नाही.

प्रदर्शनाला परीक्षक म्हणून भूगर्भशास्त्राचे एक प्राध्यापक आले होते. त्यांनी खिशातले भिंग काढून गोटा बराच वेळ पाहिला. म्हणाले, "जाळे पाहता हाड असावे असे वाटते. दगड झालेले लाकूडही असू शकते. पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर हाड की लाकूड हे कळेल. पण हा उचलला कुठून?" मी दोन आंजनाची झाडे सांगितली. ते हसले नाहीत, ही त्यांची सज्जनता. म्हणाले, "ठिकाण कळले असते तर आपण तिथे गेलो असतो. एक तुकडा असतो तिथे दुसरा असण्याचा संभव असतो."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मग या विषयावर मिळेल ते वाचले, माहीतगारांना विचारले. त्यातले जे आपल्या उपयोगाचे ते आज या सदरात सांगतो.

प्रथम आपल्याच तालुक्याचे सांगतो. मोर्शीहून सातपुड्याकडे गेले की सालबर्डी लागते. अर्धी वस्ती आपल्याकडे, अर्धी मध्यप्रदेशच्या बैतूल जिल्ह्यात. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते, डोंगरात कोरीव लेणी आहेत, गरम पाण्याचे झरे आहेत. आपल्यापैकी बहुतेकांनी सालबर्डी पाहिली आहे. पण तिथल्या खडकात डायनोसोरच्या अंड्यांचे घरटे सापडले आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? मला नव्हते.

अमरावती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागातील ए. के. श्रीवास्तव आणि आर. एस. मानकर यांनी या परिसराचा अभ्यास केला. २०१३ साली त्यांनी तिथे मिळालेल्या डायनोसोरच्या पुढच्या पायाच्या हाडाची माहिती 'करंट सायन्स' या नियतकालिकात छापली. पुढे २०१५ साली सालबर्डीच्या घरट्याची माहिती भारतीय भूगर्भशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात आली. म्हणजे ज्या वाटेने आपण यात्रेला जातो, त्या परिसरात एके काळी हे अजस्र प्राणी हिंडले, त्यांनी अंडी घातली, आणि ती तशीच दगड होऊन राहिली.

मग हे सालबर्डीलाच का? मोर्शीच्या विहिरीत का नाही? ज्यांनी विहिरी खोदल्या, बोअरवर काम केले, त्यांना याचे अर्धे उत्तर माहीतच आहे. आपल्या संत्र्याच्या पट्ट्यात वर काळी माती, खाली मुरूम, आणि त्याखाली काळा पाषाण लागतो. कितीही खाली जा, काळा पाषाणच. हा पाषाण म्हणजे थंड झालेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा रस बाहेर आला आणि थरावर थर साचत गेला. बहुतेक महाराष्ट्र त्याखाली झाकला गेला. डायनोसोर ज्या मातीवर चालले ती माती या लाव्हाच्या खाली आहे. शास्त्रज्ञ तिला 'लमेटा' थर म्हणतात. जबलपूरजवळ नर्मदेवर लमेटा घाट आहे, त्यावरून हे नाव पडले. सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन तुटून वरखाली झाली आहे. त्यामुळे सालबर्डीला लाव्हाखालचे जुने थर उघडे पडले. एखाद्या वहीची खालची पाने एका कोपऱ्यात वर दिसावीत, तसे ते आहे.

६ कोटी ६० लाख वर्षे म्हणजे किती, हे डोक्यात बसत नाही. मी कॉमर्सचा माणूस, म्हणून पैशात हिशेब केला. एका वर्षाला एक पैसा धरा. माझ्या वडिलांचे अख्खे आयुष्य सत्तर-बहात्तर पैशांचे. बाबासाहेबांचा जन्म १८९१ चा, त्याला अजून दीड रुपयाही झालेला नाही. तथागतांचा काळ सुमारे पंचवीस रुपये मागे. आणि सालबर्डीचे ते घरटे? सहा लाख साठ हजार रुपयांच्याही पलीकडे! हा हिशेब मी पोरीला सांगितला तेव्हा ती गप्पच बसली.

आता अंड्याविषयी. सालबर्डीच्या अंड्यांच्या प्रकाराला 'मेगालूलिथस' म्हणतात. मोठे, अंडे आणि दगड अशा तीन ग्रीक शब्दांचे ते नाव आहे. हे नाव अंड्याचे आहे, प्राण्याचे नाही. आत पिल्लू सापडल्याशिवाय ते नेमके कोणी घातले हे ठामपणे सांगता येत नाही, म्हणून अंड्यांना वेगळी नावे देतात. अर्जदाराचे नाव कळले नाही तरी फाईलला नंबर द्यावाच लागतो, तसे. या प्रकारची अंडी लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या टायटॅनोसोर कुळातील प्राण्यांची मानली जातात. मध्यप्रदेशातील धार जिल्ह्यात अशा अंड्यांची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, ती माहिती जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथली अंडी साधारण १५ ते १७ सेंटिमीटरची आहेत, म्हणजे लहान नारळाएवढी. एवढ्या मोठ्या जनावराचे अंडे एवढेच! कारण अंडे फार मोठे झाले तर कवच जाड लागते, आणि जाड कवचातून आतल्या पिल्लाला हवा मिळत नाही.

आपल्या विदर्भात सालबर्डी एकटी नाही. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा नावाचे गाव आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी १८६० च्या आधीच तिथून जीवाश्म गोळा केले होते. त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका मोठ्या डायनोसोरचा सांगाडा मिळाला. १९९७ साली त्याचे वर्णन झाले आणि २००३ साली त्याला 'आयसीसॉरस' हे नाव मिळाले. ते नाव कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ठेवले आहे. पिसदुऱ्याच्याच नावाचा एक पुरातन सापही आहे, 'मॅडसोइया पिसदुरेन्सिस'. त्याचे वर्णन २०११ साली झाले. साऱ्या जगाच्या शास्त्रीय पुस्तकात आपल्या एका खेड्याचे नाव कायमचे लागले.

पण पिसदुऱ्याची सर्वांत मोठी ठेव म्हणजे शेण. हसू नका. डायनोसोरची दगड झालेली विष्ठा तिथे शेतांतून मिळते. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. गवत कापताना पात्याने बोट चिरते, हा अनुभव आपल्या बायाबापड्यांना रोजचा. पात्यात वाळूसारखे बारीक कण असतात म्हणून ते चिरते. पाने कुजली तरी हे कण कुजत नाहीत. तेच कण त्या विष्ठेत निघाले. तोवर समज असा होता की डायनोसोर होते तेव्हा गवत नव्हतेच, ते पुढे आले. २००५ साली हा शोध 'सायन्स' या नियतकालिकात छापून आला आणि जगभरच्या पुस्तकांतली ती समजूत बदलावी लागली. पुढे २०११ साली त्यातले काही कण भाताच्या कुळातल्या गवताचे असल्याचे दाखवून देण्यात आले. ज्या वस्तूकडे कोणी नाक मुरडले असते, तिने जगाला शहाणे केले.

आता मुद्द्यावर येतो. या सर्व शोधांत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे नोंद. वस्तू कधी आणि कुठे मिळाली हे कोणीतरी लिहून ठेवले होते.

नागपूरकरांना परिचित असलेले भूगर्भशास्त्रज्ञ धनंजय मोहबे यांचे उदाहरण घ्या. १९८४ साली गुजरातेत त्यांना एका खडकात डायनोसोरची अंडी आणि बारीक हाडे मिळाली. तेव्हा ती सगळी हाडे पिल्लाची वाटली. खडकाचा तो तुकडा नोंदीसह जपून ठेवला गेला. पुढे २००१ साली अमेरिकेतील जेफ्री विल्सन यांनी तो पाहिला, तेव्हा त्यात सापाचे मणके दिसले. साप फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला, शेजारी नुकतेच निघालेले पिल्लू! पिल्लू गिळायला आलेला हा साडेतीन मीटरचा साप घरट्यासकट गाडला गेला होता. २०१० साली त्याला 'सनाजेह इंडिकस' असे नाव मिळाले. सापडला तेव्हापासून नाव मिळेपर्यंत २६ वर्षे गेली, पण नोंद होती म्हणून काही वाया गेले नाही. कच्छच्या पानंध्रो कोळसा खाणीतले २७ मणके २००५ साली मिळाले. ते आधी मगरीचे समजले गेले. ते एका प्रचंड सापाचे आहेत हे पुढे ध्यानात आले आणि २०२४ साली 'वासुकी इंडिकस' हे नाव जाहीर झाले. त्याची लांबी ११ ते १५ मीटर असावी असा अंदाज आहे.

उलट उदाहरणही आहे. भारतातली पहिली डायनोसोरची हाडे १८२८ साली कॅप्टन स्लीमन यांना जबलपूरला मिळाली. १८७७ साली त्यांवरून 'टायटॅनोसोरस इंडिकस' हे नाव दिले गेले. मग ती हाडे हरवली. कित्येक वर्षे नुसती चित्रे पाहून काम चालले. शेवटी २०१२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कोलकात्याच्या संग्रहातच त्यांतला एक मणका पुन्हा ओळखू आला. तो ओळखणाऱ्यांतही मोहबे होतेच. जुने वर्णन आणि चित्र होते म्हणून तो ओळखता आला. वस्तू हरवली तरी कागद असला तर ती परत मिळते. कागदच नसला तर हातात असलेली वस्तूही हरवल्यासारखीच. माझ्या कोनाड्यातला गोटा तसा आहे.

दगडी अंडी घरातच असून न ओळखण्याचाही प्रकार होतो. धार जिल्ह्यातल्या पाडल्या गावचे लोक शेतात मिळालेल्या गोल दगडांना 'काकर भैरव' म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पूजत होते. शेताचे आणि जनावरांचे रक्षण करणारा देव, ही श्रद्धा. २०२३ च्या अखेरीस बातमी आली की लखनौच्या तज्ज्ञांनी ती अंडी असल्याचे सांगितले. पुष्कळ जण त्या गावकऱ्यांना हसले. मला हसू आले नाही. त्यांनी पुजले म्हणून निदान ती फुटली तरी नाहीत. चूक एवढीच की 'हे काय आहे' हा प्रश्न इतकी वर्षे कोणी विचारला नाही, आणि त्यांना तो विचारता येईल असा शिकलेला माणूसही त्यांच्या शेतापर्यंत गेला नाही. माझ्या वडिलांनी तर प्रश्न विचारला होता. "याच्यात हाडावानी जाळं हाये," हे एका अंगठेबहाद्दर मजुराचे निरीक्षण भिंगवाल्या प्राध्यापकांच्या मताशी जुळले. कमी पडलो तो मी, त्यांचा शिकलेला मुलगा.

जमिनीतल्या गोष्टी आधी कोणाला दिसतात? विहीर खोदणाऱ्याला, खडी फोडणाऱ्याला, नांगर धरणाऱ्याला, गुरे राखणाऱ्या पोराला. म्हणजे आपल्यालाच. गुजरातेत बालासिनोरजवळ रैयोली येथील 'राजासॉरस'ची हाडेही दगडाच्या खाणीतूनच हाती आली. १९८० नंतर गोळा केलेल्या त्या हाडांना नाव मिळाले ते २००३ साली. म्हणून कामावर असणाऱ्या आपल्या माणसांसाठी चार गोष्टी सांगून ठेवतो.

पहिली, दिसला तो प्रत्येक गोल गोटा अंडे समजू नका. आपला काळा पाषाण झिजताना कांद्याच्या पापुद्र्यासारखा सुटतो आणि आत गोल गोटा उरतो. आपल्या भागात बहुतेक गोटे असेच. अंडे असेल तर फुटल्या कडेला पातळ कवच वेगळे दिसते. हाड असेल तर आत जाळे दिसते. शंका आली तर ठरवण्याचे काम जाणकाराचे.

दुसरी, जागेवरून हलवू नका. मोबाईल आता घरोघरी आहे. वस्तूजवळ पेन किंवा नाणे ठेवून फोटो काढा, म्हणजे आकार कळतो. एक फोटो दुरून काढा, त्यात झाड, बांध, नाला दिसला पाहिजे.

तिसरी, लिहून ठेवा. गाव, शेताचा गट नंबर, किती फुटांवर मिळाले, वर कोणता थर होता, तारीख, आणि ज्याला दिसले त्याचे नाव. हे शेवटचे विसरू नका. मजुराचे नाव कागदावर येत नाही, ही आपली जुनी तक्रार आहे. ते आपणच लिहायला सुरुवात करू.

चौथी, विकू नका. अमरावती विद्यापीठाचा भूगर्भशास्त्र विभाग आहे, नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे कार्यालय आहे. तिथे कळवा. पोस्टाने साधे पत्र टाकले तरी चालेल, आणि त्याची एक प्रत आपल्याजवळ ठेवा. हा सल्ला कारकुनाचा आहे!

आणि एक शेवटचे. माझ्या वडिलांचा जन्म कधी झाला हे घरात कोणाला ठाऊक नव्हते. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले. आपल्या कितीतरी घरांतले म्हातारे असे एकाच तारखेला जन्मलेले आहेत. आपली नोंद कोणी ठेवली नाही हे खरे, पण आता आपल्या घरात लिहिणारी पोरे आहेत. वडीलधारी माणसे बाजेवर बसून काही सांगत असतील, कोणत्या कामावर होते, कोणती विहीर किती फूट गेली, कुठे काय निघाले, तर 'हो हो' म्हणू नका. वीस रुपयांची वही आणा आणि लिहून घ्या. ती माणसे गेली की ते थर पुन्हा उघडे पडत नाहीत.

प्रदर्शनात आमच्या लहानीला बक्षीस मिळाले नाही. ते पवनचक्कीला गेले आणि पवनचक्की खरोखर चांगली होती. गोटा परत कोनाड्यात आला. सौ. नी त्याच्याजवळ ते कार्डही ठेवले आहे. तिसऱ्या रकान्यात पोरीने माझ्याकडे न पाहता लिहिले होते :

'मिळाल्याचे ठिकाण : नाल्याच्या वरच्या बाजूला, दोन आंजनाच्या झाडांच्या मधात. पुढचे आजोबांना माहीत होते.'

येत्या उन्हाळ्यात वडिलांच्या सोबत त्या काळी कामावर असलेल्या, अजून हयात असलेल्या दोघा-तिघांना भेटायचे आम्ही बापलेकीने ठरवले आहे. वही तिने आधीच आणून ठेवली आहे.